चौकटीतल्या फुल्या

वहिनी त्या खुर्चीवरून उठत नव्हती. रडली असती, भांडी आदळली असती, माझ्या अंगावर धावून आली असती, तर मला समजलं असतं. नवरा गेलाय बाईचा, वेडंवाकडं वागायचा तिला हक्क आहे. पण ही सकाळी उठायची, केसांवरून हातही न फिरवता पुढच्या खोलीत जायची, दादाच्या खुर्चीत बसायची, कॉम्प्युटरचं बटण दाबायची आणि पडद्याकडे बघत राहायची. चहा नेऊन ठेवला की त्यावर साय धरायची. ताट नेऊन ठेवलं की संध्याकाळी तसंच्या तसं परत आणायला लागायचं. तिच्या नोकरीच्या ठिकाणाहून फोन यायचे, ते मी घ्यायचे आणि तोंडाला येईल ते सांगायचे. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. हिला इथून उठवली नाही तर दादाच्या मागोमाग हीसुद्धा जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी दादाची धाकटी बहीण. तोंडाने फटकळ, डोक्याने गरम. दादा मला मिरची म्हणायचा आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. मी राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, कामाला आहे एका औषधांच्या गोदामात. दादा गेल्यावर रजा टाकली, कपड्यांची पिशवी उचलली आणि इथे येऊन राहिले, कारण घरात दोन बायका होत्या आणि दोघींकडे बघायला कुणीतरी हवं होतं.

दुसरी म्हणजे आमची आई. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून तिचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ती पलंगावरच. हृदयही तोळामासा. दादा एकाएकी गेला, तोही घरी नाही, दुसऱ्या शहरात. भरतकामाच्या मशीनचा एक भाग आणायला गेला होता, तिथल्या बस स्टँडवरच कोसळला. मामा तिथेच राहतो, त्याच्या घरूनच सगळं उरकलं. आणि मामानेच फर्मान काढलं की आईला एवढ्यात काही सांगायचं नाही. 'एकाच्या जागी दोघं जातील,' म्हणाला. मग काय, आम्ही सगळे मूग गिळून बसलो. काम लांबलंय, तो तिकडेच थांबलाय, असं आईला सांगून टाकलं.

मला वाटलं होतं, आई दिवसातून दहादा विचारेल. मी उत्तरं जुळवून ठेवली होती. पण तिने पहिले काही दिवस विचारलं, आणि नंतर एकदम बंद. दादाचं नावही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी कपाळकरंटी, मला तर हायसंच वाटलं. म्हटलं, चला, एक संकट तरी टळलं.

घर लहानच आहे. पुढची खोली रस्त्यावर उघडते, तिथे दादाचं मशीन. टोप्यांवर नावं, शाळेच्या शर्टांवर चिन्हं, दवाखान्यातल्या पांढऱ्या कोटांवर डॉक्टरांची नावं, असलं सगळं ते मशीन धडाधड भरून द्यायचं. काय भरायचं ते त्याला कॉम्प्युटर सांगायचा. कॉम्प्युटर बंद असला की मशीन म्हणजे नुसता लोखंडाचा सांगाडा. त्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून आईचा पलंग. भिंत एका विटेची, पण बोलणं काही त्यातून कळायचं नाही. मशीनची धडधड, एखादी मोठ्याने मारलेली हाक, कॉम्प्युटर चालू होताना करतो तो बारीकसा 'टूं', एवढंच पलीकडे पोचायचं.

दवाखान्याचे कोट अर्धे भरून पडले होते. वहिनी त्याच दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला, रोज उजाडायच्या आत घराबाहेर पडणारी. रजेवर होती म्हणून तिने ठरवलं, निदान एवढे कोट तरी पुरे करून देऊ. म्हणून ती पहिल्यांदा त्या खुर्चीत बसली. ती बसली ती बसलीच.

चौथ्या की पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी खसकन पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या पडद्यावर मधोमध एक चौकट होती आणि कॉम्प्युटर सांकेतिक शब्द मागत होता. चौकटीत फुल्यांची एक ओळ होती.

"अगं, शब्द माहीत आहे ना तुला? मग टाक की पुढे!" मी म्हटलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "आणि कीबोर्ड चालत नाही."

मी कीबोर्डवर बोटं बडवली. ठक ठक ठक. ढिम्म. त्याच्या कोपऱ्यातला हिरवा दिवाही लागेना.

"मग या फुल्या कुणी मारल्या?"

वहिनी माझ्याकडे बघून हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली होती.

मी सरळ कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावून आणलं. हा माणूस म्हणजे अखंड बडबड. आल्या आल्या त्याने माझ्यापुढे व्याख्यान सुरू केलं.

"ताई, सोपं आहे. कॉम्प्युटर झोपेतून उठताना आधी कुलूप दाखवतो. पण तुमचा हा वायरवाला कीबोर्ड जागा होतो कुलूप उघडल्यावर. म्हणजे दार उघडल्याशिवाय किल्ली मिळायची नाही! सेटिंग तसं केलंय कुणीतरी. कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे एखादं भोक पहिल्यापासून जागं असतं, त्यात वायर खुपसू. जरा सरकवू या डबा."

"हात लावायचा नाही," वहिनी म्हणाली.

"अहो वहिनी, पण त्याशिवाय..."

"म्हटलं ना, लावायचा नाही."

डबा मशीनच्या लोखंडी टेबलाखाली, भिंतीला पाठ चिकटवून बसवलेला, आणि वहिनीचे पाय बरोबर त्याच्यापुढे. बिचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी सांगितलं, जाऊ दे. मग त्याने समोरच्या भोकातून वायर उपटली, कीबोर्ड काखोटीला मारला आणि म्हणाला, "बरं, नुसतं चालू करून बघतो, डब्यातला बोर्ड कुठल्या जातीचा आहे ते तरी कळेल." त्याने बटण दाबलं.

टूं. काळा पडदा, चौकट, लुकलुकणारी एक उभी रेघ.

मग चौकटीत एक फुली उमटली.

आम्ही तिघंही बघत होतो. कुणी हललं नाही. थोड्या वेळाने दुसरी फुली आली. मग जरा थांबून, कुणी विचार करत बसावं इतकं थांबून, तिसरी. भराभर नाही, घाईने नाही. एक एक करून फुल्यांची ओळ झाली, आणि मग काहीच नाही. रेघ नुसती लुकलुकत राहिली. भर सकाळ होती, रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या.

"कुणी दाबलं?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"कोण दाबणार? कीबोर्ड तुझ्या काखेत आहे," मी म्हटलं.

त्याने काखेतल्या कीबोर्डकडे असं पाहिलं की जणू तो चावेल. मग त्याने तो हळूच टेबलावर ठेवला, आपली हत्यारं पिशवीत कोंबली आणि दाराबाहेर गेला. मी पायऱ्यांवर त्याला गाठलं.

"अरे, असा पळतोस काय! उपाय काय ते तरी सांग."

"उपाय आहे, ताई," तो माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला. "डब्याच्या आत घड्याळात असतो तसा एक गोल सेल असतो. तो काढायचा, जरा वेळाने परत बसवायचा. कॉम्प्युटर सगळं विसरतो. कुलूप विसरतो, सेटिंग विसरतो, कीबोर्डही पहिल्यापासून चालतो. पण मी नाही येणार हां. तुमचं तुम्ही करा. पैसेबैसे नकोत मला."

आणि एरवी उगाच गप्पा छाटत उभा राहणारा तो माणूस मागे वळूनही न बघता निघून गेला.

मी आत आले. वहिनी पडद्याला बोटं लावून बसली होती.

"पाहिलंस ना आता?" ती म्हणाली. "मला वाटत होतं, तुला सांगितलं तर तू मला वेड्यात काढशील. रोज येतो गं तो. मी बटण दाबलं की येतो. कधी लगेच, कधी उशिरा. एवढं लिहितो आणि थांबतो. शेवटचं काहीतरी राहतंय त्याचं. ते त्याला आठवलं की दार उघडेल."

"वहिनी, अगं कॉम्प्युटर बिघडलाय. तो सेल काढला की..."

तिने माझं मनगट धरलं. खायला-प्यायला नाही म्हणून सुकलेली बाई, पण पकड अशी की माझ्या बांगड्या हातात रुतल्या. "सेल काढलास तर हा त्याला विसरेल. मग तो यायचा कुठून? तू भाऊ म्हणतेस त्याला आणि त्याला बाहेर उभा ठेवणार?"

मी भुताखेतांच्या गोष्टी ऐकून टवाळी करणारी बाई. पण खरं सांगते, त्या दिवशी मी त्या खोलीतून उलट्या पावलांनी बाहेर आले. तिकडे पाठ करायची माझी हिंमत झाली नाही. दुपारी स्वयंपाकघरात भांडी घासताना पुन्हा टूं ऐकू आलं आणि माझ्या हातातली वाटी निसटली. संध्याकाळी मी दादाचा सदरा घडी करत होते, तेव्हा पुन्हा टूं. मी सदरा तसाच टाकून अंगणात जाऊन उभी राहिले. मला त्याची भीती वाटत होती. माझ्या सख्ख्या भावाची, जो मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा त्याची, मला भीती वाटत होती. या गोष्टीची मला इतकी चीड आली की मी तिथेच उभी राहून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी वहिनीला खुर्चीतच डुलकी लागली होती. मी ठरवलं, काय व्हायचं ते होवो, आज हा डबा उघडायचाच. पण आधी आईचं उरकून घ्यावं म्हणून चादर आणि उशीचा अभ्रा घेऊन तिच्या खोलीत गेले. आईला एका कुशीवर वळवलं, अर्धी चादर काढली. तेवढ्यात भिंतीपलीकडे टूं झालं. वहिनी जागी झाली होती.

"थांब जरा," आई म्हणाली.

"काय झालं? दुखलं का?"

"थांब म्हटलं ना."

ती पांघरुणाखाली काहीतरी करत होती. पांघरूण हलत होतं. ठक. मग जरा वेळाने ठक. तिचे ओठ हलत होते, भुवया आक्रसल्या होत्या. सुईत दोरा ओवताना तिचा चेहरा असाच व्हायचा. ठक. ठक. मग ती थांबली आणि भिंतीकडे कान देऊन पडून राहिली.

मी पांघरूण ओढलं.

तिच्या पोटाशी एक कीबोर्ड होता. बिनवायरचा. पाठीला दोन सेल घालायचे, तसला. त्याच्या काही बटणांवर भरतकामाच्या दोऱ्याचे तुकडे चिकटवलेले होते. एकावर लाल, एकावर पिवळा, एकावर निळा, असे. बाकीची बटणं मोकळी.

मी पलंगाच्या कडेवर बसले.

"आई, हे कुठून आलं?"

"कुठून येणार? माझंच आहे," आई फणकाऱ्याने म्हणाली. "दुकान मी उघडते."

मग तिने सांगितलं. हाड मोडल्यावर ती रोज रडायची, म्हणायची, मी आता या घरात अडगळ. दादाने ऐकून घेतलं आणि एक दिवस हे आणून तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, आजपासून दुकानाचं कुलूप तुझ्याकडे, तू उघडल्याशिवाय माझं मशीन हलणार नाही. आईला त्या बटणांवरची अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून त्याने दोरे चिकटवले. आधी लाल, मग पिवळा, असा क्रम तिच्याकडून पाठ करून घेतला. वहिनी उजाडायच्या आत कामावर जायची, मी इथे राहतच नव्हते, त्यामुळे हा मायलेकरांचा खेळ कुणालाच माहीत नव्हता. काम झालं की आई ते भिंतीकडच्या बाजूने गादीखाली सारून द्यायची. तो पलीकडे बटण दाबायचा, आई दोऱ्यांची बटणं दाबून ठेवायची, आणि मग तो हाक मारायचा, 'मालकीणबाई, उघडा!' की आईने शेवटचं मोठं बटण दाबायचं. मशीनची धडधड सुरू झाली की आईचा दिवस सुरू.

"मग आता का नाही दाबत ते मोठं बटण?" मी विचारलं.

"तो हाक का मारत नाही?" आई म्हणाली. "गावाहून आला, मशीनशी जाऊन बसला, रोज चालू करतो, बंद करतो, पण या खोलीत डोकावला नाही. मला का कळत नाही? रुसलाय. जायच्या दिवशी मी त्याला बोलले ना. मला पुढच्या खोलीत नेऊन बसव म्हटलं, तर म्हणाला, आज घाई आहे. मग मीही म्हटलं, जा, आता तुझं दुकान उघडणार नाही. हसत हसत गेला तेव्हा. पण मनात धरलं असणार. असू दे. त्याने हाक मारल्याशिवाय मी दाबणार नाही. बघू कोण आधी थकतंय."

आणि हे बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून उशीत मुरत होतं. ती पुसतही नव्हती.

पुढच्या खोलीत मी काही कारण काढून गेले. वाकून, मान वाकडी करून डब्याच्या मागे पाहिलं. अंगठ्याच्या नखाएवढा एक काळा तुकडा मागच्या एका भोकात खुपसलेला होता. बिनवायरच्या कीबोर्डचा कान तो. दुरुस्तीवाला म्हणाला होता ना, एक भोक पहिल्यापासून जागं असतं, तेच हे.

भूत गेलं, तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण झालं उलटंच. भुताला मी दोन शिव्या तरी घातल्या असत्या. इथे मी कुणाला शिव्या घालू? भिंतीच्या एका बाजूला बायको, नवरा आला म्हणून जेवण सोडून बसलेली. दुसऱ्या बाजूला आई, मुलगा बोलत नाही म्हणून रोज झुरणारी. दोघी एकमेकींना तो समजत होत्या. रोज सकाळी एकमेकींची वाट बघत होत्या. आणि तो कुठेच नव्हता.

मी मामाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो सेल काढून टाक, कीबोर्ड कुठेतरी लपव, आणि दोघींना काही सांगू नकोस."

"मामा, तुझं ते न सांगणं आता पुरे," मी म्हटलं. "न सांगण्यामुळेच इथवर आलोय. आई समजतेय की तिचा मुलगा तिचं तोंड बघायला तयार नाही. याच्यापेक्षा काय वाईट सांगणार होतास तू तिला?" आणि मी फोन आपटला. मोठ्यांशी असं बोलू नये, माहीत आहे मला. पण बोलले.

तरीही वहिनीसमोर उभी राहिले आणि माझ्यासारख्या फटकळ बाईची दातखीळ बसली. ती त्या फुल्यांच्या ओळीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर इतकी शांतता होती. मी सांगितलं तर दादा दुसऱ्यांदा मरणार, आणि या वेळी मारणारी मी. नाही सांगितलं तर ही मरणार.

"वहिनी," शेवटी मी म्हटलं, "माझं एक ऐक. तू जरा आईच्या दारात जाऊन उभी राहा. मी इथून बटण दाबते."

"मी नसले तर तो येणार नाही."

"नाही आला तर मी खोटी. परत तुला काही म्हणणार नाही. सेल काढणार नाही, ताट आणणार नाही, बस तुला हवं तेवढं. पण एकदाच जा."

तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं तिला कुणास ठाऊक. उठली. उठताना तिला टेबल धरावं लागलं. भिंतीचा आधार घेत, हळूहळू, ती आतल्या दाराशी गेली. मी कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा बटण दाबलं. टूं.

एक फुली. दुसरी. मला दोघींपैकी कुणीच दिसत नव्हतं, नुसत्या फुल्या दिसत होत्या. तिसरीनंतर बराच वेळ काही आलं नाही, मला वाटलं, वहिनी आत गेली, आता ऐकू येणार रडणं. पण नाही. पुढची फुली आली, मग पुढची, आणि ओळ पुरी झाली.

वहिनी परत आली ती पांढरीफटक पडून. सरळ येऊन त्याच खुर्चीत बसली. म्हटलं, संपलं, आता ही या खुर्चीतून कधीच उठत नाही. मी काय करून बसले हे!

ती पडद्याकडे बघत होती. तशीच म्हणाली, "म्हणजे तो नव्हताच."

"नाही गं," मी म्हटलं.

"एकदाही नव्हता?"

"नाही, वहिनी."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे गदगद हलत होते, पण आवाज नव्हता. मी जवळ गेले तर तिने हातानेच थांबवलं. मग मी तिला बाकीचं सांगितलं, सगळं, दोऱ्यांचं, हाकेचं, रुसव्याचं. ती ऐकत होती की नाही ते मला कळेना. पडद्यावर ती रेघ लुकलुकत होती.

"त्या अजून तशाच आहेत," वहिनी एकदम म्हणाली. "बोट बटणावर ठेवून. मी पाहिलं आत्ता. भिंतीकडे बघत होत्या. मी दारात उभी आहे हेसुद्धा त्यांना कळलं नाही." ती थांबली. "किती वाट बघायला लावली गं मी त्यांना."

तिने डोळे पुसले. खुर्चीतच भिंतीकडे वळली. मला वाटलं ती उठून आत जाईल, समजावून सांगेल. पण तिने मोठा श्वास घेतला आणि भिंतीपलीकडे जाईल अशी हाक मारली.

"आई! उघडा!"

पलीकडे काही नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली, परत सगळं शांत. माझ्या मनात आलं, गेली. मामा म्हणाला होता तेच झालं, आई गेली. मी आत धावणार तेवढ्यात पडद्यावरची चौकट नाहीशी झाली. पडदा उजळला. वायरच्या कीबोर्डचा हिरवा दिवा लागला.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भिंतीकडे बघत होती.

"सूनबाई," आतून आईने मोठ्याने हाक दिली. रोजचाच आवाज, पाणी मागताना असतो तसा. "तू आहेस होय तिथे?"

"हो, आई."

"रोज तूच होतीस?"

"हो."

पुढचा प्रश्न आला नाही. वहिनी खुर्ची मागे ढकलून उठली आणि धावली. माझ्याआधी आत पोचली. मी दारात आले तेव्हा आईने कीबोर्ड बाजूला सारून पलंगावर जागा केली होती, आणि वहिनी तिच्या कुशीत तोंड खुपसून हंबरडा फोडत होती. आई तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवत होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला काही सांगायची गरज उरली नव्हती.

"मला वाटलंच होतं गं," आई म्हणाली. "माझं पोर इतके दिवस रुसून बसणारं नव्हतं."